रेस दिली की स्पीकर शिट्टी मारतात: अल्टरनेटर बदलू का?

बदलू नका. निदान खाली सांगतो त्या तपासण्या होईपर्यंत तरी नाही.

तुमची तक्रार मी अशी समजलो: सिंहगड रोडला राहता, आठ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. दसऱ्याला नवं टचस्क्रीन हेड युनिट, चार चॅनलचा अ‍ॅम्प आणि डिकीत सबवूफर बसवून घेतला. तेव्हापासून इंजिन चालू झालं की दाराच्या स्पीकरमधून बारीक ‘कूंऽऽ’ येतो. रेस दिली की तो चढतो, पाय काढला की उतरतो. आवाज कमी-जास्त केला तरी तो तेवढाच राहतो. दुकानदाराने एकामागून एक दोन नॉइज फिल्टर बसवून पाहिले, फरक शून्य. आता तो म्हणतो, अल्टरनेटर गेलाय. मी गाड्यांच्या वायरिंगचं आणि ऑडिओचं काम पुण्यात बावीस वर्षं करतोय. दिवाळी संपली की अशा गाड्यांची माझ्याकडे रांग लागते, कारण सगळं दसऱ्याला बसवलेलं असतं. त्यातल्या फार थोड्यांचा अल्टरनेटर खरोखर खराब निघतो.

आधी हा आवाज कसला ते समजून घ्या, म्हणजे पुढचं डोकं लावायला सोपं जाईल. अल्टरनेटर मुळात एसी तयार करतो, तोही तीन फेजचा. आतले सहा डायोड त्याचा डीसी करतात. पण हा डीसी बॅटरीसारखा सपाट नसतो, त्याच्यावर बारीक लाटा उरतात. नेहमीच्या गाडीत रोटरला १२ पोल असतात, म्हणजे रोटरच्या एका फेऱ्यात ३६ लाटा. इंजिन ८०० आरपीएमवर आयडलिंगला आहे आणि पुलीमुळे अल्टरनेटर त्याच्या अडीचपट फिरतो असं धरलं, तर तो २००० आरपीएमवर असतो. सेकंदाला ३३ फेरे, सुमारे १२०० लाटा. हाच तो १२०० हर्ट्झचा सूर. इंजिन ३००० वर नेलं की सूर ४५०० हर्ट्झवर पोचतो. जवळजवळ दोन सप्तकं, आणि मध्ये कुठेही न तुटता, मींड घेतल्यासारखी. माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो तोही साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात. म्हणून एवढासा आवाजसुद्धा डोक्यात जातो, आणि कात्रजचा घाट चढताना तर गाणं बंद करावंसं वाटतं.

या लाटा प्रत्येक चालू गाडीत असतात. शोरूममधून कालच बाहेर पडलेल्या गाडीतही. तिथे त्या ऐकू येत नाहीत, कारण कंपनीने कुठली वायर कुठून न्यायची आणि कुठे अर्थ करायची, म्हणजे गाडीच्या लोखंडी बॉडीला जोडायची, याचा आधीच विचार केलेला असतो. आपल्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे ना, तिथे गाड्यांची विद्युतचुंबकीय तपासणी करायची अख्खी प्रयोगशाळा आहे. दसऱ्याच्या गर्दीत दोन तासांत जोडलेला अ‍ॅम्प मात्र कुठल्याच प्रयोगशाळेतून गेलेला नसतो. तेव्हा अल्टरनेटर लाटा सोडणारच, तो सोडू दे. आपल्याला शोधायचं आहे ते एवढंच, की त्या गाण्याच्या वाटेत शिरल्या कुठून.

तुमचं वर्णन नेमकं आहे, म्हणून मला शंका नाही. पण इतर कुणाचं वर्णन थोडं वेगळं असेल तर आवाजही वेगळा असतो. रेसबरोबर ‘टिक-टिक-टिक’ वाढत असेल तर ते इग्निशन. चार सिलिंडरच्या इंजिनात ३००० आरपीएमला सेकंदाला १०० ठिणग्या पडतात, त्यामुळे तिथे सूर नसतो, कडकड असते. डिझेलला स्पार्क प्लगच नाहीत, तिथे हे संभवत नाही. सीएनजीला मात्र आहेत. चावी फिरवल्या फिरवल्या, सेल्फ मारायच्या आधी, दोन-तीन सेकंद आवाज येऊन थांबत असेल तर तो पेट्रोल पंप. एसीच्या ब्लोअरचा स्पीड बदलला की आवाज बदलत असेल तर ब्लोअरची मोटर. आणि फक्त एफएमवरच खरखर येत असेल, रेसशी तिचा काही संबंध नसेल, तर आधी डॅशकॅमचा चार्जर काढून बघा आणि मग बाहेरून आणून लावलेले एलईडी हेडलाइट. स्वस्त चार्जरच्या आतलं स्विचिंग रेडिओच्या पट्ट्यात फार घाण करतं.

आता अल्टरनेटरचं प्रकरण मिटवून टाकू, म्हणजे दुकानदाराला उत्तर देता येईल. साधा मल्टिमीटर घ्या. इंजिन बंद असताना आधी मीटर एसी व्होल्टवर लावा आणि बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर ठेवा. आकडा शून्याच्या आसपास आला पाहिजे. काही स्वस्त मीटर इथे सरळ २५-२७ व्होल्ट दाखवतात. तो मीटर डीसीलाच एसी समजतोय, त्याच्यावर या कामासाठी विश्वास ठेवू नका. लाल प्रोबच्या वाटेत एक मायक्रोफॅरडचा बिनध्रुवी कपॅसिटर घातला तर तोही मीटर चालतो. कपॅसिटर तपकीर गल्लीत किरकोळ पैशांत मिळतो. मग गाडी चालू करा, हेडलाइट आणि ब्लोअर लावा, रेस २००० च्या आसपास धरून ठेवा आणि पुन्हा एसी व्होल्ट बघा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर डायोड ठणठणीत आहेत. ०.५ च्या वर गेला तर डायोड गेल्याची दाट शंका घ्या. डीसीवर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा हवा. डायोड गेलेल्या अल्टरनेटरचा आवाजही बदलतो. लाटा मोठ्या आणि विरळ होतात, त्यामुळे शिट्टी न येता घोगरं गुरगुरणं येतं. रात्रभर उभी ठेवलेली गाडी सकाळी सेल्फ मारायला कुरकुर करत असेल तर तीही त्याचीच खूण असू शकते, कारण फुटलेल्या डायोडमधून बॅटरी उलटी झिरपते. टर्मिनलवर पांढरी भुकटी साचली असेल तर ती आधी धुऊन काढा. या लाटा गिळायचं निम्मं काम बॅटरीच करते, आणि टर्मिनल सैल असलं की ती करत नाही.

एक गोष्ट मात्र करू नका, आणि कुणी करायला लागला तर त्याचा हात धरा. गाडी चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून ‘बघा, गाडी चालू राहिली, अल्टरनेटर चांगलाय’ असं दाखवायची जुन्या मेकॅनिकांची खोड आहे. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ते खपून जायचं. आजच्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेज अचानक कित्येक पटींनी उसळतं, आणि इसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला तर अल्टरनेटर स्वस्त वाटायला लागेल.

आता खरं काम. त्याची पद्धत एकच: साखळी मधोमध तोडायची आणि आवाज कुठल्या बाजूला उरतो ते ऐकायचं. तुम्ही स्वतःच अर्धं काम केलेलं आहे, कळलं का? तुम्ही लिहिलंय की आवाज कमी-जास्त केला तरी शिट्टी तेवढीच राहते. म्हणजे ती हेड युनिटच्या व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढे शिरते आहे. रेडिओ, ब्लूटूथ, पेनड्राइव्ह हे सगळे उगम एका फटक्यात सुटले. उरलं ते हेड युनिटचा शेवटचा टप्पा, तिथून अ‍ॅम्पपर्यंत गाणं नेणारी आरसीए केबल, अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या वायरी. शिट्टी व्हॉल्यूमबरोबर वाढत असती तर मी तुम्हाला आधी मोबाइल चार्जरवरून काढायला सांगितलं असतं. ऑक्सची वायर आणि चार्जर दोन्ही एकाच फोनला लागले की तिथेच अर्थिंगचं वर्तुळ पूर्ण होतं आणि शिट्टी सुरू होते. त्याचा उपाय ऑक्स सोडून ब्लूटूथ, एवढाच.

पुढची पायरी. अ‍ॅम्पला लागलेल्या सगळ्या आरसीए पिना काढा. काढायच्या आधी सिस्टीम बंद करा. पिना काढल्यावर गाडी चालू करून सिस्टीम लावा, अ‍ॅम्प चालू झाल्याचा दिवा लागलाय ना ते बघा, रेस द्या. शिट्टी अजून येत असेल तर दोष अ‍ॅम्पच्या पॉवरमध्ये, अर्थिंगमध्ये किंवा कुठेतरी बॉडीला चिकटलेल्या स्पीकरच्या वायरीत. बहुधा येणार नाही. पण उघड्या इनपुटवर विश्वास ठेवून पुढे जाऊ नका, कारण ते स्वतःच हवेतला कचरा पकडतं. दोन जुन्या आरसीए पिना घ्या, प्रत्येकीची मधली दांडी आणि बाहेरची रिंग सोल्डर मारून एकत्र जोडा. हे झाले शॉर्टिंग प्लग. माझ्या पेटीत असे चार आहेत, लाल इन्सुलेशन टेप गुंडाळलेले, आणि माझ्या सगळ्या हत्यारांमध्ये त्यांनीच सर्वांत जास्त पैसे कमावून दिलेत. ते अ‍ॅम्पच्या इनपुटला लावा. फक्त अ‍ॅम्पच्या इनपुटला, हेड युनिटच्या आउटपुटला चुकूनही नाही. आता स्पीकर गप्प झाले तर अ‍ॅम्प निर्दोष, आणि चोर पुढे, केबलमध्ये किंवा हेड युनिटच्या बाजूला.

मग अ‍ॅम्पजवळ बसून मोबाइलच्या हेडफोनच्या भोकातून आरसीएची वायर अ‍ॅम्पला द्या. मोबाइल चार्जरवर नको, नुसत्या त्याच्या बॅटरीवर. गाणं स्वच्छ वाजलं की समजा, अ‍ॅम्प डिकीत कितीही वाकडातिकडा बसवला असला तरी या शिट्टीला तो एकटा जबाबदार नाही. आता दुसरी आरसीए केबल घेऊन ती सीटांच्या वरून, सगळ्या वायरींपासून लांब, थेट हेड युनिटपासून अ‍ॅम्पपर्यंत टाका. हेड युनिट डॅशमधून थोडं बाहेर ओढावं लागेल. शिट्टी गेली तर जुनी केबल किंवा तिचा रस्ता खराब. नाही गेली तर अर्थिंग.

खरं सांगू का, केबल पॉवरच्या वायरीला खेटून नेली म्हणून शिट्टी येते असं सगळेच म्हणतात. दोन्ही वेगवेगळ्या बाजूंनी न्याव्यात हे बरोबरच आहे. पण माझ्या बाकावर आलेल्या गाड्यांत निव्वळ खेटण्याने आलेली शिट्टी कमी आणि अर्थिंगची खूप. कारण समजायला सोपं आहे. हेड युनिट डॅशबोर्डच्या मागे अर्थ झालंय, अ‍ॅम्प डिकीत. मधली बॉडी लोखंडाची आहे, तारेसारखी आदर्श नाही, आणि तिच्यातून अल्टरनेटरपासून पंपापर्यंत सगळ्यांचे परतीचे अँपिअर वाहतात. त्यामुळे पुढच्या अर्थमध्ये आणि मागच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक राहतोच, आणि त्या फरकावर तीच लाट नाचत असते. आरसीए केबलचं बाहेरचं जाळीदार आवरण दोन्ही टोकांना अर्थशी जोडलेलं असतं. म्हणजे ते त्या दोन अर्थांमधला आयता पूल. लाट पुलावरून चालत अ‍ॅम्पच्या इनपुटला येते आणि अ‍ॅम्प तिला गाणं समजून मोठी करतो. हळू आवाजात गाणं लावलं तर त्या केबलमध्ये सिग्नल जेमतेम काही दहा मिलिव्होल्टचा असतो. त्याच्या शेजारी एक मिलिव्होल्टची लाट बसली तरी ती कानाला कळते.

म्हणून डिकीतलं अर्थिंग नीट बघा, आणि ‘बघा’ म्हणजे बॅटरीचा मायनस आणि आरसीए आधी काढून, मग पाना लावून सोडून बघा. गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका गाडीचं सांगतो. अ‍ॅम्पची काळी वायर मागच्या सीटबेल्टच्या बोल्टखाली दाबली होती. बाहेरून एकदम घट्ट. बोल्ट काढला तर थिंबलखाली, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली, बॉडीचा रंग जसाच्या तसा, वर कंपनीचं रबरी कोटिंग. थिंबलचा एका बाजूचा नखाएवढा भाग फक्त चमकत होता, बाकी सगळं काळं. एवढ्या नखावरून चाळीस अँपिअर जायचे होते. थिंबलही पक्कडीने चेपलेलं, ओढल्याबरोबर वायरीचे चार-सहा तंतू बाहेर आले. ते चाकूने खरवडले तर आतून पांढरे, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. ते तांब्याच्या साधारण दोन-तृतीयांशच वीज वाहतं, आणि आपल्याकडच्या जून-जुलैच्या दमट डिकीत फार लवकर मरतं.

सीटबेल्टचा बोल्ट कधीच वापरायचा नाही, तो माणसाचा जीव धरायला आहे. सीटची रेलही नको. डिकीच्या फरशीचा जाड पत्रा निवडा, खाली पेट्रोलची टाकी किंवा पाइप नाही ना याची गाडीखाली वाकून खात्री करा, आणि मगच भोक पाडा. थिंबलएवढी जागा पॉलिश पेपरने चांदीसारखी चमकेपर्यंत घासा. दातेरी वॉशर, नट-बोल्ट, थिंबल क्रिंप मशीनने दाबलेलं. पत्र्यात नुसता स्क्रू ठोकू नका, तो खड्ड्यांनी सैल होतो आणि पुण्याला खड्डे काही कमी नाहीत. वायर पॉवरच्या वायरीइतकीच जाड आणि दीड फुटाच्या आत. बसवून झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंग. आधी नाही, नंतर. हा क्रम उलटा केलेलेही मी पाहिलेत.

मोजायचं कसं? ओहमवर लावून ‘०.३ आलं, उत्तम’ म्हणणारे पुष्कळ आहेत. साध्या मीटरच्या वायरींचाच तेवढा रोध असतो, त्या आकड्याला काही अर्थ नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक प्रोब अ‍ॅम्पच्या ग्राउंड टर्मिनलवर, दुसरी चार-पाच मीटर वायर जोडून बॅटरीच्या मायनस खुंटीवर. गाडी चालू, गाणं मोठ्याने. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर छान, ०.२ ओलांडलं तर कुठेतरी गळती आहे. मग तीच वायर इंजिन ब्लॉक आणि बॅटरी मायनसमध्ये लावून बघा. इंजिनपासून बॉडीला येणारी चपटी विणलेली पट्टी आठ वर्षांच्या गाडीत बहुतेक वेळा हिरवट-पांढरी झालेली असते. ती बदलायला अर्धा तास लागतो, आणि फायदा हेडलाइटलाही दिसतो.

इथे माझी फजिती सांगायला हरकत नाही. धंद्यात नवा असताना एका डॉक्टरांची डिझेल सेडान आली, अगदी तुमच्यासारखीच तक्रार घेऊन. मी ऐकलं, मान हलवली आणि नाना पेठेतून अल्टरनेटर आणून बदलला. शिट्टी तशीच. नंतर चार दिवस गाडी माझ्याकडे पडून होती. शेवटी दुकानातल्या पोऱ्याने अ‍ॅम्प पुसताना विचारलं, शेठ, हा स्क्रू लोखंडात गेलाय का लाकडात? अ‍ॅम्प सीटच्या पाठीच्या पत्र्यावर चार स्क्रूंनी बसवलेला होता, आणि त्या अ‍ॅम्पची बॉडी आतून अर्थला जोडलेली होती. म्हणजे त्याला काळ्या वायरीशिवाय अर्थ व्हायची दुसरी वाट मिळाली होती. चारही स्क्रू काढून अ‍ॅम्प उचलून हातात धरला, शिट्टी बंद. प्लायवुडचा तुकडा मध्ये घातला आणि संपलं. डॉक्टरांना जुना अल्टरनेटर परत बसवून दिला आणि मजुरी मागायची माझी हिंमत झाली नाही. तेव्हा तुमचा अ‍ॅम्पही एकदा हातात उचलून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता ज्याकडे जवळपास कुणीच बघत नाही ते. काही हेड युनिटच्या आत, आरसीए आउटपुटच्या अर्थच्या वाटेवर तांदळाच्या दाण्याएवढा फ्यूज असतो. कुणी आरसीए लागलेल्या ठेवून आधी अ‍ॅम्पची काळी वायर काढली, तर अ‍ॅम्पचा परतीचा सगळा करंट त्या बिचाऱ्या जाळीतून हेड युनिटकडे धावतो आणि हा फ्यूज उडतो. गाणं वाजत राहतं, पण त्या दिवसापासून शिट्टी सुरू. तुमच्याकडे दोनदा फिल्टर बसवले-काढले, त्यामुळे मला याची बरीच शंका येते. तपासणी अशी: सिस्टीम बंद करा, हेड युनिट बाहेर ओढा, आरसीए पिना काढा. मीटर ओहमवर. एक प्रोब हेड युनिटच्या आरसीए सॉकेटच्या बाहेरच्या रिंगवर, दुसरी त्याच्या लोखंडी खोक्यावर. जवळपास शून्य आलं पाहिजे. उघडं दाखवलं किंवा शेकडो ओहम आले तर फ्यूज गेलाय. उपाय म्हणून आतला फ्यूज एखादा चांगला टेक्निशियन बदलून देतो. तोवर खात्री करायला रिंगांभोवती उघडी बारीक तार गुंडाळून तिचं टोक खोक्याच्या स्क्रूखाली दाबा. शिट्टी कापूर उडाल्यासारखी गेली तर निदान पक्कं.

आणि यापुढे क्रम लक्षात ठेवा. काही काढायचं असेल तर आधी बॅटरीचा मायनस, मग आरसीए, मग बाकीचं. लावताना आरसीए अ‍ॅम्पच्या अर्थिंगनंतर आणि बॅटरीचा मायनस सगळ्यात शेवटी.

हेड युनिटचं स्वतःचं अर्थिंगही बघून घ्या. दुकानात बहुतेक वेळा कंपनीच्या कप्लरमधल्या काळ्या वायरीलाच ते जोडून मोकळे होतात. ती वायर बारीक असते आणि तिच्यावर डॅशमधली दुसरीही उपकरणं टांगलेली असतात. हेड युनिटच्या खोक्यापासून डॅशमागच्या लोखंडी बारपर्यंत वेगळी वायर टाका. कधी कधी रेडिओच्या अँटेनाची पिनसुद्धा तिसरं अर्थिंग बनते. ती उपटून शिट्टी जाते का तेही बघा. त्याला मिनिटही लागत नाही.

फिल्टर मग कशाला असतात? हेड युनिटच्या पॉवरच्या वायरीतूनच लाट आत येत असेल तर त्या वायरीवरचा फिल्टर काम करतो. तुमच्या गाडीत ती दुसऱ्या वाटेने येत असावी, म्हणून दोन काय, चार लावले तरी फरक पडणार नाही. अ‍ॅम्पच्या जाड वायरीवर तर फिल्टर लावूच नये, बेसच्या ठोक्याला अ‍ॅम्प उपाशी मरतो. आरसीएच्या मध्ये घालायचा ग्राउंड लूप आयसोलेटर मी बाळगतो, पण निदानासाठी. तो मध्ये घातला आणि शिट्टी गेली, तर अर्थिंगच्या वर्तुळाचा पुरावा मिळाला. स्वस्तातल्या आयसोलेटरमधला चिमुकला ट्रान्सफॉर्मर खालचा बेस खाऊन टाकतो, त्यामुळे सबवूफरवर एवढा खर्च करून तो कायमचा ठेवणं म्हणजे पुरणपोळीवरचं तूप पुसून खाणं.

गेनचाही, म्हणजे अ‍ॅम्प आत येणारा सिग्नल किती मोठा करतो त्याचाही, एकदा विचार करा. अ‍ॅम्पवरचा तो स्क्रू म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. दुकानात दमदार वाजवून दाखवायला तो बरेचदा पूर्ण उघडलेला असतो. गेन पूर्ण कमी करा, हेड युनिटचा आवाज तीन-चतुर्थांशावर न्या, ४० पैकी ३०, आणि मग आवाज फाटायला लागेपर्यंत गेन हळूहळू वाढवून थोडा मागे घ्या. शिट्टी निम्मी तरी होईल. मूळ दोष त्याने जात नाही, पण केबलमधला सिग्नल मोठा राहतो आणि शिट्टी त्याच्या मानाने लहान.

तर रविवारी सकाळी एवढं करा. बॅटरीवरचे एसी आणि डीसी आकडे, शॉर्टिंग प्लग, अ‍ॅम्प हातात उचलून, अर्थिंगचं व्होल्टेज, आणि हेड युनिटच्या रिंगची ओहम तपासणी. दुकानदाराला अल्टरनेटरचा आकडा नुसता दाखवा, भांडायची गरज नाही. ०.१ च्या आतला आकडा बघून तो स्वतःच विषय बदलेल. फिल्टर काढून त्याला परत द्या. आकडे आले की मला कळवा. गाडीच आणायची असेल तर सकाळी नऊच्या आत आणा. नंतर आमच्या रस्त्यावर इतके हॉर्न वाजतात, की एक मिलिव्होल्टची शिट्टी ऐकायला काचा वर करून, एसी बंद करून घामाघूम बसावं लागतं.